रुसव्याची गिटार

माझ्या लग्नात मी रुसलो नाही. ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना अभिमानाने सांगत असे. ज्यांना आमच्या वऱ्हाडातला रुसवा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्न लागलं की नवरदेव पंगतीला बसतो. ताटाभोवती रांगोळी, शेजारी उदबत्ती, ताटात नाना पदार्थ, आणि हा गडी हात मांडीवर ठेवून गप्प. मुलीकडच्यांनी विचारायचं, काय झालं? त्याने बोलायचं नाही. मग त्याचे मित्र जाहीर करणार की नवरदेव रुसले. मग मनधरणी सुरू. कोणी घड्याळ सुचवतो, कोणी सायकल, आणि सासऱ्याने मान हलवली की नवरदेवाचा पहिला घास. तोवर सगळी पंगत खोळंबलेली असते आणि भजी थंड होत असतात.

साठ साल अजून उजाडायचं होतं. मी अमरावतीला सरकारी कचेरीत नवा कारकून होतो आणि समाजसुधारणेवरचं एकही व्याख्यान चुकवत नव्हतो. सोयरीक ठरतानाच मी सासऱ्यांना तोंडावर सांगून टाकलं होतं की हुंडा नको, मानपान नको, घड्याळ-अंगठी तर मुळीच नको. सासरे अचलपूरचे, काळ्या जमिनीचे आणि संत्र्याच्या बागेचे धनी, बोलायला अगदी कमी. त्यांनी मान खाली घालून माझं व्याख्यान ऐकून घेतलं. लग्नाच्या पंगतीत ताट समोर आलं तसा मी सरळ जेवायला लागलो. शेजारी बसलेला माझा मित्र मला कोपराने ढोसत होता, पण मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

सासरे खांद्यावर उपरणं टाकून माझ्या ताटापुढे उभे होते. त्यांनी वाकून विचारलं, काही पाहिजे काय? मी म्हणालो, वरण. वरण आलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी काही? मी म्हणालो, थोडं वरणच. वरण खरोखर चांगलं झालं होतं. सासरे जरा वेळ तसेच उभे राहिले आणि मग आत निघून गेले. त्या दिवसापासून सासरी सगळ्यांनी ठरवून टाकलं की मोठ्या जावयाला वरण फार आवडतं. मी कधीही अचलपूरला गेलो की माझ्या ताटात वरणाचं तळं होई, आणि भाताचं आळं मोडून वरण वाहत पोळीखाली जाई.

आता गिटारविषयी सांगायला हवं. बडनेऱ्याला रेल्वेत एक बंगाली बाबू होते. त्यांच्याकडून मी कॉलेजात असताना हवाईयन गिटार शिकलो होतो. ही गिटार उभी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या, आणि डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी घेऊन ती तारांवरून सरकवायची. सूर माणसाच्या गळ्यासारखा ओला निघतो. बाबूंची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी लाकडी गिटार मी विकत घेतली. तिच्या पोटाला चीर होती आणि आवाज दोन खोल्यांपलीकडे जात नसे. पण मला ती पुरत होती. बायको संध्याकाळी भाकरी थापता थापता ऐकत असे, आणि चाल ओळखीची निघाली तर गुणगुणतही असे.

हे सुख एका गणपतीत संपलं. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा अमरावतीला आला होता. त्यात एका काळ्या कोटवाल्याने मांडीवर एक फळी घेतली. फळीच म्हणतो, कारण तिला पोट नव्हतं, भोक नव्हतं, नुसतं जाड लाकूड आणि त्यातून निघालेली वायर. वायर एका डब्यात गेली होती. त्याने कांडी सरकवली आणि तो सूर मैदानाच्या टोकाला मुंगफल्ली विकणाऱ्यापर्यंत गेला. गेला आणि तिथे थांबून राहिला. आमच्या लाकडी गिटारीचा सूर जन्मतो न जन्मतो तोच मरतो. हा मरेचना. मी उरलेला कार्यक्रम न ऐकता उठून आलो. घरी येऊन माझी गिटार काढली, दोन तारा छेडल्या आणि परत खुंटीला अडकवली.

त्यानंतरची चार-पाच वर्षं मी एकाच प्रश्नावर काढली. चांगली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर किती खर्च करावा? खात्याच्या परीक्षेसाठी मुंबईला गेलो होतो तेव्हा एका दुकानात जाऊन चौकशीही करून आलो. दुकानदार गोव्याकडचा होता. त्याने सांगितलं की स्वस्त घेतली तर पैसा पाण्यात, कारण तिची तार कांडीखाली खरखरते. आणि गिटार चांगली घेऊन डबा हलका घेतला तरी पैसा पाण्यातच, कारण अखेर बोलतो तो डबा. त्याच्या हिशेबाने दोन्ही मिळून पाचशेच्या खाली गोष्ट काढण्यात अर्थ नव्हता. पाचशे म्हणजे माझे तीन पगार. त्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, मग थोरली मुलगी झाली, मग घरभाडं वाढलं. गिटार दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर जात राहिली. पाचशे हा आकडा मात्र तोंडपाठ राहिला.

आणि मग मेहुणीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, बापाचा सरकीचा व्यापार. वऱ्हाड मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीने अचलपूरला उतरलं. थोरला जावई म्हणून पंगतीची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. मी धोतराचा काष्टा आवळून द्रोण मोजत होतो, वाढप्यांवर ओरडत होतो. नवरदेव ताटावर बसला आणि त्याने हात मांडीवर ठेवले.

रुसलेल्या नवरदेवाला समजावायला घरचा थोरला जावई पाठवतात, अशी रीत आहे. मी जाऊन त्याच्यापुढे उकिडवा बसलो. चांगला गोरागोमटा, केसांना तेल चोपडलेला पोरगा. मी म्हटलं, सांगा बुवा एकदाचं, लोक उपाशी आहेत. तो आधी लाजला. मग त्याचा मित्र त्याच्या वतीने बोलला.

"त्यायले विजेची गिटार पायजे. ऑर्केस्ट्रात रायते ते."

मला आधी वाटलं की माझी कोणीतरी थट्टा करतंय. मी नवरदेवाला विचारलं, वाजवता का? तो म्हणाला, नाही, पण शिकीन. अकोल्याच्या गणपतीत पाहिली होती, तेव्हापासून मनात भरली होती. म्हणजे तोच ऑर्केस्ट्रा असणार. तोच काळ्या कोटवाला. एकच सूर आम्हा दोघांना लागला होता, आणि मी त्याच्यासाठी पाच वर्षं पैपै जोडत बसलो होतो, तर ह्याने नुसते हात मांडीवर ठेवले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून त्याच्या ताटातली जिलबी उचलून न्यावी असं वाटलं.

मांडवात कोणालाच विजेची गिटार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एक मामा म्हणाले की रेडिओ घ्या त्यापेक्षा, बातम्या तरी येतात. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण घरात ते वाद्य जाणणारा मी एकटा होतो. सासरे मला तुळशीपाशी बाजूला घेऊन गेले.

"जावईबापू, चांगली घ्याची म्हटलं तं किती लागतीन?"

त्या एका क्षणात माझ्या मनात काय काय आलं ते मी लपवत नाही. हजार म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने हात जोडले असते, नवरदेवाला घड्याळावर भागवावं लागलं असतं आणि मी शांतपणे जेवलो असतो. दीडशे म्हटलं असतं तर त्याला ती खरखरणारी, लाल रंगाची, पोरखेळातली मिळाली असती, आणि मी जन्मभर मनातल्या मनात हसलो असतो. दोन्ही आकडे जिभेवर आले होते. पण मला कोणी प्रथमच हा प्रश्न विचारत होतं. पाच वर्षं मी ज्याचं उत्तर घोकत होतो तो प्रश्न, आणि विचारणारा माणूस खरोखर पैसे मोजणार होता. मी म्हणालो, पाचशे, डब्यासकट. त्याच्या खाली घेऊ नका.

मला वाटलं होतं सासरे दचकतील. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. हातात लाल फडक्याची पुरचुंडी होती, हळदीच्या दोऱ्याने बांधलेली. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले की तुम्हीच घेऊन या, आमाले काही समजत नाही त्यातलं. नवरदेवाने पहिला घास घेतला. पंगत सुरू झाली. मी वाढप्यांवर पुन्हा ओरडायला लागलो, पण आता जरा जास्तच.

परतताना बसमध्ये बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. परतवाडा मागे पडल्यावर म्हणाली, "तुमाले बी रुसता आलं असतं."

मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. जावयाने सासऱ्याला अडवून वस्तू मागणं म्हणजे भीकच, वगैरे. ती म्हणाली, तसं असंन. मग तिने मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

मुंबईच्या त्या दुकानात मी दिवसाचा बराच भाग घालवला. दुकानदाराने मला ओळखलं आणि म्हणाला, अखेर आलात. मी त्याला तसंच वाटू दिलं. त्याने तीन गिटारी काढल्या. एक चकचकीत लाल, दिसायला नवरीसारखी आणि आवाजाला फुटक्या डब्यासारखी. दुसरी बरी. तिसरी साधी, शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाची. तिच्यावर कांडी ठेवली तर कांडी आपोआप सुरावर जाऊन थांबत होती. साडूला ती लाल दिली असती तर तो जास्त खूश झाला असता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. पण वाजवून पाहणारे कान माझे होते. त्या कानांना मी लाल गिटार घ्यायला सांगू शकलो नाही. मी टरफलाच्या रंगाची घेतली, डबा मोठा घेतला, आणि दुकानदाराने म्हटलं, साहेब, आता दहा वर्षं काही नको तुम्हाला. परतीच्या गाडीत मी ती पेटी बाकाखाली ठेवली नाही. बडनेऱ्यापर्यंत मांडीवर ठेवून आणली.

अकोल्याला पोचवायला मी जरा उशीर केला. कचेरीत सुटी नाही असं कळवलं. राजापेठेतल्या आमच्या खोलीत एकच दिवा होता. त्याच्या होल्डरमधून वायर काढून मी डबा लावला, त्यामुळे गिटार वाजवायची तर अंधार व्हायचा. संध्याकाळी बायकोचा स्वयंपाक लवकर उरके, मग दिवा जाई आणि गिटार सुरू होई. शेजारचे ओट्यावर येऊन बसत. बायको दारात बसे. एरवी ती गुणगुणायची, त्या दिवसांत गुणगुणली नाही, नुसती ऐकत राहिली. मी इतकं चांगलं ना आधी कधी वाजवलं होतं, ना नंतर. निघायच्या सकाळी मी पेटीला कुलूप लावत होतो तेव्हा ती म्हणाली, "द्याच लागते काय?"

मी म्हटलं, दुसऱ्याची आहे.

पुढची वर्षं विचारू नका. साडूने एक मास्तर लावला, दोन महिन्यांत सोडला. मेहुणीने गिटारला क्रोशाचं झाकण विणलं, लाल गोंडे लावलेलं, आणि गिटार दिवाणखान्यातल्या कपाटावर चढली. डब्यावर फुलदाणी आली. दसऱ्याला तराजूबरोबर तिचीही पूजा व्हायची. तारांवर हळदकुंकू पडायचं, आणि झेंडूचं पाणी लाकडात मुरायचं. सरकीचे व्यापारी यायचे, साडू त्यांना तारांवर एकदा बोट फिरवून दाखवायचा आणि किंमत सांगायचा. ती दर वर्षी वाढत होती. मी अकोल्याला गेलो की चहा संपायच्या आत तो मोठ्या मनाने म्हणायचा, "वाजवा ना दादा, तुमच्याबिगर तिले हात लावणारं कोणी नाही."

हेच मला सहन होत नसे. तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो चांगला होता. माझ्या मुलीला फ्रॉक घ्यायचा, माझ्या आईला अकोल्याच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन गेला. मी त्याच्या दिवाणखान्यात बसून त्याची गिटार वाजवायचो, तो टाळ्या वाजवायचा, आणि मला त्याचे ते हात मांडीवर ठेवलेले दिसायचे. सुरात लावलेली गिटार पुढच्या खेपेला बेसूर झालेली असे. तारा गंजलेल्या. मी माझ्या पैशाने नव्या तारा नेऊन लावायचो आणि मोर्णेच्या पुलावरून स्टेशनाकडे जाताना त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. घरी माझी चिरलेली गिटार खुंटीवर होती. ती मी खाली काढणं सोडून दिलं होतं.

मग एक अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यात जावयांना जेवायला बोलावतात. आम्ही दोघे साडू सहकुटुंब अचलपूरला जमलो. स्वयंपाकाला वेळ होता. साडू ओट्यावर पोरांना घेऊन बसला होता, मी सासऱ्यांबरोबर बागेत गेलो. संत्र्याच्या झाडांना पाणी द्यायची वेळ आली होती. सासरे आता थकले होते, काठी घेऊन चालत. विहिरीपाशी मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर आम्ही बसलो. कशावरून कोण जाणे, मी गिटारचा विषय काढला. कशावरून कोण जाणे म्हणतो, पण मी दुसऱ्या कशावर बोलतच नव्हतो. मी म्हटलं, मामाजी, तुमचे पाचशे रुपये कपाटावर धूळ खाताहेत. त्या माणसाला एक सूर येत नाही. तुम्ही उगाच पैसे घातले.

ते काठीने मातीत रेघ ओढत राहिले. मग म्हणाले, "ते पैसे त्याचे नोयतेच. तुमचे होते."

मला कळेना. मी विचारलं, माझे कसे?

"तुमच्या लग्नात काढून ठुले होते. सोयरिकीच्या वक्ताले तुमच्या काकानं सांगतलं होतं का पोरगा बाजा वाजवते. म्या म्हटलं, रुसतीन तं चांगला बाजाच मांगतीन, कमी पडू नाही. जावयाच्या नावानं काढलेला पैसा घरात खर्चता येत नाही. म्हून तसाच बांधून ठुला, धाकट्याच्या रुसव्यापर्यंत."

लाल फडकं माझ्या डोळ्यांपुढे आलं. हळदीचा दोरा जुना, काळपट पडलेला होता, हेही आता आठवलं. ते मी माझ्या हातांनी सोडलं होतं, मुंबईच्या दुकानात. मी म्हटलं, मग तुम्ही मला दिले का नाहीत? नुसते हातावर ठेवायचे होते.

"न मांगता देल्ले असते तं तुमी फेकून देल्ले असते. तुमी तत्त्वाचे मानूस." ते रागावून बोलत नव्हते. "तरी दोनदा इचारलं म्या, काही पायजे काय म्हून. कोपरीच्या खिशातच होते. तुमी वरण मांगतलं."

तेवढ्यात घरातून जेवायला हाक आली. सासरे काठी टेकत उठले, मी त्यांच्यामागून चालत राहिलो. त्यांनी माझा हात धरला की मी त्यांचा, ते आठवत नाही.

पाट मांडले होते. आम्हा दोघा साडूंच्या ताटांभोवती रांगोळी होती, नव्या धोतरांच्या घड्या बाजूला ठेवल्या होत्या. ताटात पुरणाचे धोंडे होते, भजी होती, बासुंदीची वाटी होती. साडू बसला आणि लगेच जेवायला लागला. मी बसलो. हात आपसूक मांडीवर गेले आणि तिथेच राहिले. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण उचललेही नाहीत. चाळिशीला टेकलेला मी नव्या नवरदेवासारखा लाजत त्या ताटासमोर बसलो होतो. बायको पोळीची परडी घेऊन समोरच उभी होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. मला वाटलं आता कोणीतरी विचारील, काय झालं? मी काय सांगणार होतो ते मला अजूनही माहीत नाही.

साडू तोंडात घास असताना म्हणाला, "दादा, जेवा ना."

सासूबाई स्वयंपाकघरातून लगबगीने आल्या. माझं न शिवलेलं ताट पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. त्या मुलीवर रागावल्या की एवढी वर्षं झाली तरी तुला नवऱ्याची आवड कळत नाही, आणि हातातलं मोठं भगुणं त्यांनी माझ्या ताटावर वाकवलं.

"थांबा जावईबापू, वरण वाढतो."

मी हात मांडीवरून उचलले आणि भाताला आळं केलं.